बाहेरून आणा

मिहानच्या गोदामात रात्रपाळीला
आम्ही अकरा बाया सलाईनची खोकी बांधतो.
एका खोक्यात चोवीस बाटल्या,
वर चिकटपट्टी, पट्टीवर स्टिकर,
स्टिकरवर तिरंगा आणि खाली एका देशाचं नाव,
जे छबुताईला तीन रात्री झाल्या
तरी नीट म्हणता येत नाही.
तिथे भूकंप झाला आहे.
मोबाइलवर एक बाई दिसली ढिगाऱ्यापुढे बसलेली,
एक पाय चपलेत, दुसरा धुळीत.
पहाटे साडेचारला विमान आहे.

माझी नणंद मेडिकलमध्ये आहे.
खाट नाही, दोन खाटांच्या मधली गादी.
दुपारी डॉक्टर पोरीनं चिठ्ठी दिली,
वर सलाईनचं नाव,
खाली रोजच्या सवयीच्या अक्षरात:
बाहेरून आणा.

आणलं. गेटसमोरच्या दुकानातून चार बाटल्या,
भिशीचे पैसे मोडून.
आणि रात्री इथे तशाच बाटल्या
देशाबाहेर धाडायला मोजत बसले.
बावीस, तेवीस,
चोविसावीवर हात थांबला.
थांबला, एवढंच सांगते.

चहाच्या वेळी चौकीदार कवडूजी नंदनवार सुरू होतो,
"घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं!
आपल्या लेकराले पेज नाही
अन् गावाले पंगत. काऊन बाप्पा?
आधी आपले, मंग बाकीचे.
हे का शिकवा लागते?"
अकरा माना डोलतात.
माझी सगळ्यात जास्त.

पण माझं माहेर पाचपावलीचं, त्याच्याच गल्लीतलं.
चौथ्या दारात त्याचा सख्खा भाऊ राहतो,
नळाच्या जोडणीवरून नऊ वर्षं
दोघांत शब्द नाही.
भाऊ लकव्यानं पडला तेव्हा
हमीदाबीच्या पोरांनी उचलून रिक्षात घातला.
कवडूजी दारात उभा होता, हातात दातून.
आपले म्हणजे कुठून कुठवर, कवडूजी?
विचारत नाही मी.
चहाचे पैसे आज त्यानं दिलेत.

नाग नदी घरात शिरली त्या रात्री
आम्ही शाळेच्या गच्चीवर काढली.
सकाळी जरीपटक्याहून टेम्पो आला,
हशमतराय नावाचा चपलांचा ठोक व्यापारी,
चिखलात उभा राहून प्रत्येकीला माप विचारत होता.
म्हणाला, आजोबा सिंधमधून इथे उतरले
तेव्हा त्यांनाही कुणीतरी आधी चपलाच दिल्या होत्या.
तेव्हा कोणाच्या घरचे होते त्याचे आजोबा?
आणि तेव्हा नागपुरात
सगळ्यांच्या पायात चपला होत्या का?

मला ठाऊक आहे,
हे खोकं इथे राहिलं
तर नणंदेच्या गादीपर्यंत पोचणार नाही.
गोदामात उन्हाळा काढील,
तारीख उलटेल, मग कुठे जाईल कोण जाणे.
मेडिकलचं कपाट रिकामं आहे
ते त्या एका चपलेच्या बाईनं रिकामं केलेलं नाही.
कळतं हे सगळं.
पण कळणं म्हणजे सलाईन नाही,
ते कुणाच्या शिरेत चढवता येत नाही.
चिठ्ठी पदराच्या गाठीत टोचत राहते.

चोविसावी बाटली मी ठेवली.
पट्टी लावली, अंगठ्यानं दाबून,
जरा जास्तच जोरात.

पहाटे वर्धा रोडवर बसची वाट पाहताना
विमान डोक्यावरून गेलं.
छबुताईनं हात जोडले, नंतर शिवी दिली,
नंतर पुन्हा जोडले.
मला दोन्ही बरोबर वाटलं.

सहाला वॉर्डात पोचले.
नवी चिठ्ठी तयार होती.
घेतली नाही.
सिस्टरला विचारलं,
औषधाच्या कपाटाची चावी कुणाकडे असते?
आणि मागणीचा कागद शेवटचा कधी गेला?
तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
म्हणाली, साहेब अकराला येतात.

बाकावर बसले आहे.
शेजारी कामठीचा एक म्हातारा,
त्याच्याही हातात तशीच चिठ्ठी.
त्याला म्हटलं, थांबा, बाबा.
अकराला पाच तास आहेत
आणि आज मी घरी झोपायला जाणार नाही.